रीत येते, पण कुठली लावायची ते सुचत नाही: एका मिडटर्म हंगामाचं प्रकरण

या प्रकरणातली विद्यार्थिनी नमुन्यादाखल रचलेली आहे. तिच्या अडचणी मात्र रचाव्या लागल्या नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही वर्गात त्या सापडतात. आकडे मुद्दाम तपशिलात दिले आहेत, कारण मिडटर्मचं, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेचं, नियोजन बहुतेक वेळा आकड्यांवाचून होतं आणि तिथेच फसतं.

परिस्थिती

मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला चार विषय. एका सोमवारी वेळापत्रक लागलं. तो पहिला दिवस धरू. सेंद्रिय रसायनाचा पेपर अकराव्या दिवशी, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. विषयाच्या एकूण गुणांत त्याचा वाटा ३० टक्के. बाराव्या दिवशी, शुक्रवारी, दोन पेपर एकाच दिवशी: सकाळी दहाला रेखीय बीजगणित, दुपारी अडीचला संख्याशास्त्र. दोन्हींचा वाटा २५-२५ टक्के. पंधराव्या दिवशी अर्थशास्त्राची बहुपर्यायी परीक्षा, २० टक्के. सोळाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत इतिहासाचा १,५०० शब्दांचा निबंध द्यायचा, तोही २० टक्के.

सत्राच्या शेवटी परीक्षेआधी बहुधा तयारीची सुट्टी असते. मिडटर्मला ती नसते. लेक्चर चालू, प्रयोगशाळा चालू, दर आठवड्याचे गृहपाठही चालू. शिवाय या पंधरवड्यात वर्गात जे शिकवलं जातं ते मिडटर्मला नसतं, अंतिम परीक्षेला असतं, त्यामुळे त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. त्याचा हिशोब पुढे येईल.

गुरुवार सकाळ ते शुक्रवार दुपार या तीसेक तासांत तीन पेपर येतात, हे तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. काही विद्यापीठांत ठरावीक तासांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त पेपर आले तर एक पुढे ढकलून मिळतो. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि अर्जाची मुदत साधारणपणे लवकर संपणारी. तिने त्याच दिवशी नियमावली वाचली. सवलत अंतिम परीक्षेपुरतीच निघाली. दहा मिनिटांत विषय मिटला, आणि शेवटच्या आठवड्यात ‘विचारून बघू का’ म्हणत घुटमळण्याची सोय उरली नाही. हे चांगलंच झालं.

एकशेवीसचे अठ्ठेचाळीस

तिचा पहिला अंदाज असा: दिवसाला आठ तास, पंधरा दिवस, एकशेवीस तास. भरपूर आहेत.

मग तिने मागच्या आठवड्यातला एक साधा मंगळवार कागदावर मांडला. झोप साडेसात तास. जेवण, आंघोळ, कपडे वगैरे अडीच. जाणं-येणं दीड. लेक्चर आणि प्रयोगशाळा मिळून साडेपाच. चालू गृहपाठ दीड. उरले साडेपाच. त्यातही फोन, गप्पा आणि थकून नुसतं बसून राहणं गेल्यावर डोकं लावून बसता येईल असे साडेतीन.

पेपर नसलेले आठ कामाचे दिवस, रोजी साडेतीन: २८ तास. पेपर असलेले गुरुवार-शुक्रवार, प्रत्येकी दोन: ४. दोन शनिवार-रविवार, रोजी सहा: २४. एकूण ५६. त्यातले ८ तिने कशालाच दिले नाहीत. हाती आले ४८.

हे आठ तास मोकळे ठेवणं तिला चैनीचं वाटत होतं. पण कामाला लागणाऱ्या वेळेचा आपला अंदाज ज्या प्रकारे चुकतो, तो प्रकार जुना आणि मोजलेला आहे. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तो किती दिवसांत संपेल. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस आलं. सगळंच बिघडलं तर किती लागतील, याचं उत्तर सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमीच पडला.

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल दुरुस्तीसाठी परत आला आणि आठातले तीन तास त्यात गेले. राखीव वेळ नसता तर ते संख्याशास्त्रातून गेले असते, कारण वेळ नेहमी नावडत्या विषयातून कापला जातो.

आधी पेपर, मग पुस्तक

पहिल्या दोन दिवसांत तिने एकही धडा उघडला नाही. चारही विषयांच्या जुन्या प्रश्नपत्रिका घेतल्या, प्रत्येकीतला अर्धा भाग निवडला, चाळीस मिनिटांचा गजर लावला आणि काहीही न चाळता सोडवायला बसली. तपासणीसकट चार तास गेले. गुण आले ते असे: बीजगणित ७०, अर्थशास्त्र ६०, सेंद्रिय रसायन ४५, संख्याशास्त्र ३५.

ही पायरी बहुतेक जण टाळतात. ‘आधी जरा वाचून घेते, मग पेपर सोडवते’ हे वाक्य ऐकायला समंजस वाटतं. पण वाचताना सगळं ओळखीचं दिसतं आणि ओळखीचं म्हणजे येणारं, असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणारे ४२, आठवून लिहिणारे ५६. रात्री वाचून सकाळी लिहिणाऱ्याचं कधीकधी निभावतं आणि आठवडा आधी वाचणाऱ्याचं का निभावत नाही, ते या आकड्यांत थोडंफार दिसतं.

गुणांपेक्षा महत्त्वाची होती गेलेल्या गुणांची वर्गवारी. प्रत्येक चुकलेल्या उत्तराशेजारी तिने एक अक्षर लिहिलं. ‘अ’ म्हणजे हे शिकलेच नव्हते. ‘आ’ म्हणजे शिकले होते, आठवलं नाही. ‘नि’ म्हणजे निवड चुकली: रीत येत होती, पण भलतीच लावली. ‘हि’ म्हणजे हिशोबात घसरले. ‘वे’ म्हणजे वेळ संपला. ही अक्षरं सोयीसाठी आहेत, कुणी दुसरी घ्यावीत. मात्र ‘सिली मिस्टेक’ असा खाना करू नये. त्या खान्यात अर्धा पेपर जाऊन बसतो आणि त्यावर उपाय काहीच सुचत नाही.

तिच्या संख्याशास्त्रात आणि रसायनात सर्वांत जास्त अक्षर कुठलं आलं? ‘नि’. तिची स्वतःची समजूत होती ‘अ’ची. म्हणजे पहिल्या दिवशी ती दोन्ही विषय पहिल्या धड्यापासून वाचायला घेणार होती आणि त्यातून जे सुधारलं असतं ते मुळात बिघडलेलंच नव्हतं.

संख्याशास्त्राचं एक उदाहरण जवळून पाहू. नमुना १६ जणांचा, सरासरी ५४.१, नमुन्याचं प्रमाण विचलन ८. समष्टीची, म्हणजे ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्या गटाची, सरासरी ५० आहे हे गृहीतक ५ टक्के पातळीवर, दोन्ही बाजूंनी तपासायचं. तिने ८ ला १६ च्या वर्गमुळाने भागलं, आले २. फरक ४.१, भागिले २, आले २.०५. इथपर्यंत अचूक. मग प्रसामान्य सारणीतल्या १.९६ शी तुलना केली, २.०५ मोठं आहे म्हणून गृहीतक नाकारलं. पण इथे समष्टीचं प्रमाण विचलन माहीत नाही, नमुन्यावरून काढलं आहे आणि नमुना लहान आहे. टी सारणी घ्यायला हवी होती. १५ स्वातंत्र्यमात्रांना (नमुन्यातल्या संख्येहून एक कमी) तिथला आकडा २.१३१. २.०५ त्याहून लहान, म्हणून गृहीतक नाकारता येत नाही. एकही आकडेमोड चुकलेली नाही आणि निष्कर्ष मात्र बरोबर उलटा.

रसायनातही तीच तऱ्हा. २-ब्रोमो-२-मेथिलप्रोपेनवर इथेनॉलमधल्या सोडियम इथॉक्साइडची क्रिया केली तर मुख्य उत्पादन काय? तिने ब्रोमिनच्या जागी इथॉक्सी गट बसवून ईथर लिहिलं. इलेक्ट्रॉनांची हालचाल दाखवणारे बाण नीट काढले होते. पण तृतीयक, म्हणजे आणखी तीन कार्बनांना जोडलेल्या, कार्बनवर मागून हल्ला करायला जागाच नसते आणि समोर तीव्र आम्लारी आहे. ते शेजारचा प्रोटॉन काढून घेतं, ब्रोमाइड निघून जातं आणि २-मेथिलप्रोपीन मिळतं. प्रतिस्थापन (एका गटाच्या जागी दुसरा बसणं) तिला येतं, विलोपनही (गट निघून दुहेरी बंध तयार होणं) येतं. कुठे काय होणार हे ठरवता येत नाही.

असं का होतं? कारण सराव धड्यागणिक झालेला असतो. ‘टी चाचणी’ या धड्याखालची पंधरा उदाहरणं सोडवताना चाचणी कुठली हा प्रश्न पडतच नाही. तो मथळ्यानेच सोडवलेला असतो. पेपरात मथळा नसतो.

तासांची वाटणी

४८ तास कुठे घालायचे, हे तिने दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरवलं: त्या विषयात किती गुण वाढणं शक्य वाटतं, आणि त्या परीक्षेचा एकूण वाटा किती. संख्याशास्त्र ३५ वरून ६५ पर्यंत, म्हणजे ३० गुणिले २५ टक्के: साडेसात. रसायन ४५ वरून ७०: २५ गुणिले ३० टक्के, तेही साडेसात. अर्थशास्त्र ६० वरून ७५: तीन. बीजगणित ७० वरून ८०: अडीच. निबंध वेगळ्या जातीचा. दिला नाही तर वीसच्या वीस टक्के जातात.

वाटणी झाली ती अशी: संख्याशास्त्र १४, रसायन १४, निबंध ८, बीजगणित ६, अर्थशास्त्र ६.

‘शक्य वाटतं’ हा अर्थातच अंदाज आहे, त्यात दशांश चिन्हं शोधू नयेत. पण या गुणाकाराने एक गोष्ट उघडी पडली. बीजगणित तिचा आवडता विषय. मोकळी सोडली असती तर ती रोज संध्याकाळी तेच घेऊन बसली असती, चार पानं सोडवून समाधानाने झोपली असती आणि अडीच गुणांसाठी वीस तास खर्चून बसली असती. आवडत्या विषयाचा अभ्यास हा कधीकधी अभ्यास टाळण्याचा सर्वांत सभ्य प्रकार असतो.

बीजगणितात तिच्या बहुतेक चुका ‘हि’ होत्या: ओळींची वजाबाकी करताना चिन्ह चुकणं. त्यावर धडा वाचणं हा इलाज नाही, पडताळा हा इलाज आहे. समीकरणसंच सुटला की उत्तर मूळ समीकरणात घालून बघणं. आयगेनमूल्यं काढली की त्यांची बेरीज मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णावरच्या घटकांच्या बेरजेइतकी येते का, हे पाहणं. याला वीसेक सेकंद लागतात. सहा तासांतले दोन तिने या सवयीलाच दिले.

मिश्र संच, आणि आठव्या दिवसाची घबराट

तिसऱ्या ते सातव्या दिवसात संख्याशास्त्र आणि रसायन यांतली ‘अ’ आणि ‘आ’ची भोकं बुजवली. एकाच दिवशी सहा तास न घालता दीड-दोन तासांचे तुकडे, एक दिवस सोडून. दोन बैठकांमध्ये थोडं विसरायला वाव हवा; आठवताना कष्ट पडले तरच ते टिकतं. प्रत्येक बैठकीची सुरुवात मागच्या बैठकीतलं पुस्तक न उघडता लिहून काढण्याने.

धड्यागणिक सरावात तिला आता ८५ टक्क्यांच्या आसपास मिळू लागले. आठव्या दिवशी तिने पहिला मिश्र संच केला. कृती साधी आहे: वेगवेगळ्या धड्यांतली वीस उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवायची, धड्याचं नाव लिहायचं नाही, चिठ्ठ्या पिसायच्या. प्रत्येक उदाहरणाला आधी फक्त एक ओळ लिहायची: कुठली रीत आणि का. मगच सोडवायला घ्यायचं. घाई असेल तर वीसपैकी आठच पूर्ण सोडवावीत, पण ती एक ओळ विसांचीही लिहावी.

गुण आले ५०. तिला वाटलं, आठवडा वाया गेला. त्या संध्याकाळी मिश्र संच सोडून पुन्हा धड्याकडे जायचा तिचा विचार जवळजवळ पक्का झाला होता.

इथे घसरण दिसणं अपेक्षितच आहे. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनफळांच्या गणितांवर हेच तपासलं. सरावाच्या वेळी एका-एका प्रकाराची गणितं सलग सोडवणाऱ्यांना ८९ टक्के मिळाले, मिसळून सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० वर आले, मिसळवाले ६३ वर. मिसळलेल्या सरावात वाटणारी अडचण हीच पेपरातली अडचण आहे. ती घरी आली तर बरं.

तिने मिश्र संच सुरू ठेवले. नवव्या दिवशी ६०, दहाव्या दिवशी ७०. संख्याशास्त्राला एक ए-फोर कागद सोबत नेण्याची मुभा होती. तिच्या पहिल्या कागदावर बत्तीस सूत्रं बारीक अक्षरांत होती. मिश्र संचांनंतर तिने तो फाडून नव्याने केला. वरच्या अर्ध्या भागात फक्त प्रश्न: समष्टीचं प्रमाण विचलन दिलंय का? नसेल तर टी, स्वातंत्र्यमात्रा एकाने कमी. तीच माणसं आधी आणि नंतर मोजली आहेत का? तर जोडीची टी, म्हणजे आधी फरकांचा रकाना. मापं नसून मोजणी आहे का, प्रत्येक खान्यात किती जण? तर काय-वर्ग चाचणी. सूत्रं खालच्या भागात, तीही नेहमी उलटी होणारी तेवढीच. दुसऱ्याने बनवलेला कागद उसना घेऊन उपयोग होत नाही, तो का, हे यातून कळावं: कागदाचा उपयोग बऱ्याच अंशी तो बनवताना होऊन जातो.

बुधवारची रात्र

इथे प्रकरण बिघडलं. दहाव्या दिवशी, रसायनाच्या पेपरच्या आदल्या रात्री, गटावर कुणीतरी ‘हे नक्की येणार’ म्हणून अठरा अभिक्रियांची यादी टाकली. त्यातल्या सहा तिला अनोळखी वाटल्या. संध्याकाळी सहाला कॉफी झालीच होती, साडेनऊला आणखी एक. अडीचपर्यंत जागून सहाही पाठ केल्या.

कॅफीनचं अर्धायुष्य साधारण पाच तासांचं, माणसागणिक बरंच कमी-जास्त. साडेनऊच्या कपातलं अर्धं कॅफीन अडीच वाजता शरीरात असतं. त्यामुळे अडीचला दिवा मालवला तरी झोप लागायला साडेतीन वाजले. सकाळी साडेसातला उठली. चार तास.

पेपरात पाच प्रश्नांपैकी ‘कोणतेही तीन सोडवा’ अशी सूचना होती. तिने पाचही सोडवायचे धरून सुरुवात केली. चौथ्यात अर्ध्यावर आल्यावर सूचना दिसली. बावीस मिनिटं गेली होती. यादीतल्या सहा अभिक्रियांपैकी एक आली, दोन गुणांना. शेवटी मिळाले ६२. उद्दिष्ट ७० होतं.

न झोपल्याचा फटका पाठांतराला बसतो असं समजलं जातं. पेपराच्या दिवशी तो आधी बसतो तो लक्ष देण्याला: सूचना वाचणं, चिन्ह पाहणं, एकक लिहिणं. डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग सतरा तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांच्या समन्वयाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होते तितकी घसरते. सकाळी साडेसातला उठलेला माणूस रात्री साडेबाराला तिथे पोचतो. त्यानंतरचे दोन तास तिने ‘अभ्यास’ या खात्यात धरले होते.

आदल्या रात्रीसाठी एक नियम तिने नंतर घालून घेतला: रात्री आठनंतर नवीन काहीही उघडायचं नाही, कुणीही काहीही पाठवलं तरी. गट बंद ठेवायचा. ‘येणार’ म्हणणाऱ्याला पेपर माहीत नसतो.

शुक्रवार, दोन पेपर

गुरुवारी दुपारी पेपरावरून बाहेर आल्यावर दारातच उत्तरं ताडून बघायची मैफल भरली होती. ती थांबली नाही. सूचना उशिरा वाचल्याचं तिला ठाऊक होतंच. आणखी काय चुकलं ते कळून शुक्रवारचं काहीच सुधारणार नव्हतं. घरी येऊन तासभर झोपली. मग ठरलेले दोनच तास: पाऊण तास बीजगणिताच्या ‘हि’ चुकांची वही, सव्वा तास संख्याशास्त्राची चिठ्ठ्यांवरची निवड, एकही गणित पूर्ण न सोडवता. साडेदहाला दिवा बंद. हे परवडलं कारण दोन्ही विषय बुधवारपर्यंत संपवायचे असं तिने आधीच ठरवलं होतं. लागोपाठच्या पेपरांत मधली संध्याकाळ अभ्यासाची धरली की नियोजन कोसळतं.

दोन पेपरांच्या मध्ये तीन तास होते. जेवण, वीस मिनिटं डोळे मिटून पडणं, मग चाळीस मिनिटं तो ए-फोर कागद. कॅल्क्युलेटर सकाळीच तपासला होता.

संख्याशास्त्राचा पेपर ९० मिनिटांचा, ६० गुणांचा. शेवटची दहा मिनिटं पडताळ्याला राखली तर ८० मिनिटांत ६० गुण, म्हणजे गुणाला एक मिनिट वीस सेकंद. बारा गुणांच्या प्रश्नाला सोळा मिनिटं. तिने प्रत्येक प्रश्नाशेजारी पेन्सिलीने ती मिनिटं लिहिली आणि सुरुवातीच्या चार मिनिटांत सगळ्या प्रश्नांना नुसती चाचण्यांची नावं दिली. हेच तर ती तीन दिवस करत होती. तिसरा प्रश्न सोळा मिनिटांत सुटला नाही. रीत आणि सूत्र लिहून, अर्धं पान कोरं ठेवून ती पुढे गेली. मिळाले ६४ टक्के. बीजगणितात ७८.

अर्थशास्त्र आणि निबंध

अर्थशास्त्रात खरा प्रश्न एकच होता: येत नसेल तर खूण करायची की सोडायचं. चार पर्याय, बरोबर उत्तराला एक गुण. चुकीला पाव गुण वजा होत असेल तर डोळे झाकून मारलेल्या खुणेची सरासरी कमाई पाव उणे तीन-षोडशांश, म्हणजे एक-षोडशांश: किंचित फायदा. एक तृतीयांश वजा होत असेल तर कमाई शून्य. पण तिथेही एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर ती एक-नवमांशावर जाते, मग खूण करावी. तिच्या पेपरात कपात एक तृतीयांश होती. नियम तिने रविवारी पाठ केला आणि परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला वाद घालत बसली नाही.

निबंधाची तारीख सर्वांत शेवटी होती आणि तोच सापळा होता. शेवटची तारीख म्हणून शेवटी सुरू करायचं, हा क्रम सगळ्यांच्या मनात आपोआप लागतो. तिने दुसऱ्या दिवशी विषय नक्की केला, सातव्या दिवशी तीन तास बसून संदर्भ आणि पाच परिच्छेदांची एकेक ओळ लिहून काढली. तेराव्या दिवशी चार तासांत कच्चा मसुदा, १,७०० शब्द. सोळाव्या दिवशी तासभर काटछाट. मधल्या दोन दिवसांत तिने मसुद्याला हातही लावला नाही, त्यामुळे परत वाचताना दुसरा आणि चौथा परिच्छेद एकच गोष्ट सांगतात हे पहिल्याच वाचनात दिसलं. दोनशे शब्द तिथेच गेले.

पेपर परत आल्यावर

पंधरवड्यातल्या लेक्चरांचं काय झालं? तिने एक कामचलाऊ व्यवस्था केली होती: प्रत्येक लेक्चरनंतर त्याच दिवशी, जाण्या-येण्याच्या वेळेत, वहीत तीन प्रश्न लिहायचे, ज्यांची उत्तरं त्या लेक्चरात होती. उत्तरं लिहायची नाहीत. दहातल्या सात लेक्चरांचं जमलं. सतराव्या आणि अठराव्या दिवशी ती त्या एकवीस प्रश्नांची उत्तरं द्यायला बसली आणि नऊ जमली नाहीत. पुढच्या आठवड्याचं काम त्या नऊ प्रश्नांवरून ठरलं. उरलेल्या तीन लेक्चरांची टिपणं मैत्रिणीकडून घेतली.

संख्याशास्त्राची उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर तिने आधी गुणांची बेरीज तपासली. मग पुन्हा तीच अक्षरं लिहिली. ‘नि’ दोनदाच आलं, ‘वे’ तीनदा. म्हणजे अंतिम परीक्षेसाठी चिठ्ठ्या कमी आणि घड्याळ लावून पूर्ण पेपर जास्त.

आणि शेवटचा हिशोब. संख्याशास्त्रात मिडटर्म २५ टक्क्यांचं, त्यात ६४, म्हणजे १६ जमा. गृहपाठ २५ टक्क्यांचे, आतापर्यंत सरासरी ८०. तीच टिकली तर २० जमा. एकूण ७० हवे असतील तर उरलेल्या ५० पैकी ३४ लागतात, म्हणजे अंतिम परीक्षेत ६८ टक्के. रसायनात मिडटर्म ३० टक्क्यांचं, ६२ मिळाले, जमा १८.६. प्रयोगशाळा २० टक्क्यांची, तिथे ७५, जमा १५. सत्तरीसाठी अंतिम परीक्षेच्या ५० पैकी ३६.४, म्हणजे जवळजवळ ७३ टक्के. मिडटर्मला ठरवल्याप्रमाणे ७० मिळाले असते तर हाच आकडा ६८ असता. ती अठरा अभिक्रियांची यादी तिने फोनमधून पुसली नाही. पुढच्या परीक्षेच्या आठवड्यासाठी गट बंद करण्याची आठवण त्याच संदेशाला लावून ठेवली.